ओठांत न बसणारा शब्द

फोन वडिलांचा होता, आणि वडिलांना आता फोन घेऊन करायचं तरी काय होतं, म्हणून त्यानंच उचलला. "हॅलो," म्हणाला. पलीकडून काहीच आलं नाही, नुसता श्वास. "हॅलो, बोला ना," तो पुन्हा म्हणाला. मग कुणीतरी घसा खाकरला आणि जरा चाचरतच विचारलं, "कोण बोलतंय?" वास्तविक हा प्रश्न त्यानं विचारायचा. "मी त्यांचा मुलगा. बाबांचं ऑपरेशन झालंय, त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला माहीत नसेल." "माहीत आहे हो," पलीकडचा माणूस म्हणाला. "माहीत आहे म्हणूनच तर अंगावर काटा आला."

तो वडिलांच्या स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात वडिलांच्या गळ्यातली धुतलेली नळी होती. बाहेर खिडकीशी वडील मान वर करून, मानेभोवती टॉवेल गुंडाळून, न्हाव्याकडे बसावं तसे बसले होते. गळ्यातली बोलायची पेटीच डॉक्टरांनी काढून टाकली होती. आता श्वास खालच्या भोकातून, आणि बोलणं पाटीवर. रोज सकाळी चष्म्याचं दुकान उघडण्याआधी तो इथे यायचा, नळी काढायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. वडिलांच्या इतक्या जवळ तो लहानपणानंतर कधी गेला नव्हता. त्यांच्या हनुवटीखालचे, वस्तऱ्यातून सुटलेले दोन-चार पांढरे केससुद्धा आता त्याच्या ओळखीचे झाले होते. बोलणं मात्र शून्य. आधीही फारसं होत नव्हतं, आता त्याला कारण मिळालं होतं, एवढाच काय तो फरक.

आवाजाचं म्हणाल तर ती कटकट त्याच्या सोळाव्या वर्षापासूनची. बाकीच्या पोरांचे आवाज फुटले की फाटक्या पिपाण्यांसारखे वर्षभर वाजत राहतात. याचा फुटला तो एका सुट्टीत, आणि जोडून आला तो थेट बापाचा. वडील नट. नायकाची कामं त्यांनी कधीच केली नाहीत. न्यायाधीश, हेडमास्तर, धर्मगुरू, सोशिक बाप, असलीच. माणूस देवभीरू, शिवी असलेलं काम परत पाठवणार, पण आवाज असा की पडद्यावर दिसायच्या आधी तो ऐकू आला तरी लोक खुर्चीत सरळ बसत. तोच आवाज या काटकुळ्या पोराच्या गळ्यात. फोनवर आई हमखास फसायची. "अहो, येताना इस्त्रीचे कपडे घेऊन या," असं ती ऑफिसातून त्यालाच बजावायची, आणि हा डांबिस, "बरं," म्हणून फोन ठेवून द्यायचा. संध्याकाळी वडील हात हलवत घरी आले की भांडण. मोठेपणी ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. कुठेही फोन केला की आधी सांगावं लागे, मी, मी बोलतोय. आपल्याच गळ्यावर आपली पाटी नाही, हे त्याला टोचत राहिलं. आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटच्या दिवसांत डोळे मिटून पडलेली असायची, तो काही बोलला की म्हणायची, "अहो, तुम्ही जेवलात का?" तो सांगायचा, "हो, जेवलो." एकदा हे चाललेलं असताना त्यानं मागे वळून पाहिलं तर दारात वडील उभे. आत न येता तसेच परत फिरले.

आई गेली त्या आठवड्यातली गोष्ट. घरात पाहुणे, लांबलचक टेबल, सगळ्यांच्या माना खाली, आणि वडील प्रार्थना करताहेत. जे झालं ते देवाच्या मर्जीनं झालं, आम्ही तक्रार करत नाही, असं काहीतरी. आणि हा, बाविशीतला, ज्यानं महिनाभर आईच्या पलंगाशी गुडघे टेकून टेकून गुडघ्यांना घट्टे पाडून घेतले होते, तो मान वर करून म्हणाला, "मग आईचं ताटही त्यालाच वाढा." आवाज त्यांचाच, त्यामुळे पाहुण्यांतल्या दोघाचौघांना क्षणभर वाटलं की प्रार्थनाच पुढे चालू आहे. वडील ओरडले नाहीत. प्रार्थना पुरी करून जेवले. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला हाक मारणं सोडलं. घरातलं त्याचं एक नाव होतं, जरा हसू यावं असलं, चारचौघांत सांगण्यासारखं नाही; ते गेलं. त्या जागी आलं 'अरे', 'ऐकतोस का', आणि तिऱ्हाइताला सांगावं तसं 'तो आलाय'. तोही हट्टालाच पेटला. हाक मारा, मी येतो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, दुकान झालं, सोळा-सतरा वर्षं गेली. येणंजाणं होतं, दुखलंखुपलं बघणं होतं. वरवर सगळं ठीक. पण या माणसानं आपल्याला अजून घरात घेतलेलं नाही, हे तो त्यांच्या सोफ्यावर बसून चहा पितानाही विसरत नसे.

फोनवरचा माणूस दिग्दर्शक निघाला. दुपारी तो थेट दुकानातच आला. बोलणं लांबेल अशी लक्षणं दिसली म्हणून यानं त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. निदान नंबर तरी निघेल. समोर भिंग धरून यानं विचारलं, "आता स्पष्ट की मघाशी?"

"पुन्हा म्हणा," दिग्दर्शक म्हणाला.

"आता, की मघाशी?"

"तेच. अगदी तेच. डोळे मिटले की ते समोर बसलेत."

"डोळे मिटून बसलात तर नंबर कसा काढू तुमचा?"

दिग्दर्शकाचं दुखणं असं होतं. सिनेमा नाताळचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, श्रद्धेचा. म्हातारा सुतार, घर सोडून गेलेला मुलगा, नाताळची आदली संध्याकाळ. म्हातारा टेबलाशी एकटाच प्रार्थना करतो, दारावर टकटक होते, दार उघडतो तर बर्फात मुलगा उभा. बर्फ अर्थात खोटा. शूटिंग भर उन्हाळ्यात, नट लोकरी कोटांत घामानं निथळताहेत, आणि साबणाचा फेस उडवायला तीन अजस्र पंखे घरघरताहेत. त्या घरघरीत आवाज काय कपाळ मिळणार. तो नंतर स्टुडिओत भरून घ्यायचा हे आधीच ठरलेलं. आणि तो 'नंतर' येईपर्यंत वडिलांचा गळा गेला.

"नकला करणारे तीन आणले," दिग्दर्शक म्हणाला. "तिघंही बाबांनी पाटीवर 'नाही' लिहून घालवले. शिवाय एक शब्द कुणाच्या बापाला बसत नाही. दार उघडल्यावर लिहिलंय 'लेकरा'. पडद्यावर ओठ भलतंच बोलतात. दोनदा मिटतात. 'लेकरा' म्हणताना ओठ मिटतात का, तुम्हीच सांगा." त्यानं स्वतःचे ओठ बोटानं दाखवले. "बाबांना विचारलं, तुम्ही काय म्हणालात. लिहिलं, आठवत नाही."

"मी नट नाही," तो म्हणाला. "आणि मी या सगळ्यातला नाही. प्रार्थनाबिर्थना मी सोडलीय."

"मानायचं काम पडद्यावरचा माणूस करतोय. तुम्ही फक्त ओठ गाठा."

रात्री बायको म्हणाली, "जा की. आयुष्यभर त्या आवाजाच्या नावानं बोटं मोडतोस, एकदा उपयोग तरी होईल." तिला हे सोपं वाटत होतं, आणि एका परीनं होतंही सोपं. पण त्याला झोप येईना. उसन्या भांड्यासारखा हा आवाज इतकी वर्षं आपण वापरला, आता मालकानं परत मागितलाय, असं काहीसं वाटत होतं. आणि मालकानं मागितलाय तरी कुठे, मागतोय तिसराच. सकाळी नळी बसवून झाल्यावर त्यानं वडिलांना सांगितलं. वडिलांनी पाटी ओढली, लिहिलं: 'तुला जमणार नाही. तू मानत नाहीस.'

त्याला राग यायला हवा होता. पण समोर ती उघडी मान होती, त्यावर त्याच्याच हातानं नुकतीच चिकटवलेली पट्टी होती, आणि तो म्हणाला, "मी माझ्यासाठी कुठे म्हणणार आहे बाबा. तुमच्यासाठी म्हणणार आहे."

वडील पाटी पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत राहिले. मग लिहिलं: 'किती वाजता?'

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली. भिंतींना जाड कापड, पायाखाली सतरंजी, मधोमध माइक, समोर पडदा. एका बाजूला मोठी काच आणि तिच्यापलीकडे यंत्रांशी बसलेल्या साउंडवाल्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या, दिग्दर्शक, आणि गळ्याला मफलर, मांडीवर पाटी घेतलेले वडील. खोलीत शांतता इतकी की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. बाईंनी समजावलं. हेडफोनवर शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज येईल, तो अंदाजापुरता. पाठोपाठ तीन टिकटिका वाजतील, आणि चौथी वाजायला हवी तिथे तुम्ही बोलायचं. "मानेचा अंदाज घ्या," त्या म्हणाल्या, "माणूस बोलायच्या आधी मान हलवतो."

पडद्यावर वडील आले. केवढे मोठे, आणि मान कशी सलग. तिथे भोक नव्हतं, पट्टी नव्हती, गिळताना कंठमणी वरखाली होत होता. आणि कानात पंख्यांची घरघर, आणि तिच्या तळाशी, नळाखाली धरलेल्या भांड्यातून कुणी बोलावं तसा, तो आवाज. हा आवाज आपण रोज स्वतःच बोलतो, मग तो ऐकून काय होणार, असं त्याला येताना वाटलं होतं. झालं ते असं की त्याला एकदम त्यांची आठवण आली. काचेपलीकडे हाडामांसाचे बसले होते, तरी आठवण आली. गेल्या कित्येक महिन्यांत आपण त्यांना धुतलं, पुसलं, औषधं दिली, पण त्यांची आठवण काही काढली नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

प्रार्थना कागदावर लिहिलेली होती. 'आम्हाला तुझ्याकडे येता येईना म्हणून तू आलास. आमच्याएवढा लहान होऊन आलास. आज दारात जो उभा राहील त्याला मी तुझ्या नावानं आत घेईन.' पहिल्यांदा त्यानं ती जरा भरल्या गळ्यानं म्हटली. त्याला वाटलं, छान झाली. काचेपलीकडे वडिलांनी खडू चालवला आणि पाटी उभी धरली: 'रडू नकोस. मागत नाहीये मी. आभार मानतोय.' दुसऱ्यांदा तो नुसताच वाचून मोकळा झाला. पाटी: 'हा हिशेब नाही.' साउंडवाल्या बाई खाली मान घालून हसल्या. तिसऱ्यांदा त्यानं कागद ठेवून दिला आणि पडद्यावरच्या तोंडाकडे पाहत बोलला. ते तोंड विश्वास ठेवणाऱ्याचं होतं, त्यात शंका नव्हती. ओठांच्या मागे मागे जायचं, ते थांबले की थांबायचं, श्वास घेतील तिथे घ्यायचा. तेवढ्या वेळापुरतं त्याला मानणं न मानणं काही सुचलंच नाही. वेगळंच सुचलं. हा माणूस म्हणतोय, देव वाट बघत बसला नाही, स्वतः चालत आला. मग आपण दोघं का बसून राहिलो? मी म्हणत होतो हाक मारा, हे म्हणत असतील आधी चूक कबूल कर. दोघांनाही देवापेक्षा जास्त मान हवा होता की काय. वडिलांनी पाटी उचलली नाही. नुसती मान डोलावली.

"आता इथे सगळे अडलेत," बाई म्हणाल्या. दार उघडलं. फेसाचा बर्फ आत घुसला, म्हाताऱ्याच्या भुवयांवर बसला. समोर मुलाचं काम करणाऱ्या नटाची पाठ. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि मग स्पष्ट कळत होतं, 'आत ये, थंडी आहे.' पण त्याआधीचा एक शब्द पंख्यांनी खाऊन टाकला होता. बाईंनी पुन्हा लावलं. नकलाकारांनी काय काय बसवून पाहिलं ते दिग्दर्शक सांगत होता. 'बाळा' कमी पडतं. 'ये बाबा' जवळपास जातं, पण तोंड गोल होतंय, बाबा म्हणताना कुठे गोल होतं. याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. दिवसभर वीतभर अंतरावरून लोकांचे चेहरे बघायचा त्याचा धंदा. ओठ मिटले. गोल उघडले. पुन्हा मिटले. उघडले, आणि जीभ वर टाळूला लागली. आणि हे सगळं होताना डावी भुवई किंचित वर. ती भुवई न्यायाधीशाची नव्हती, हेडमास्तराची नव्हती, सुताराचीही नव्हती. ती थट्टेची होती, आणि ती या जगात फक्त एका माणसाच्या वाट्याला आली होती.

पोपट.

वडील न्हाणीघरात दाढी करता करता संवाद पाठ करायचे आणि चार वर्षांचा तो बाहेर उंबऱ्यावर बसून शब्दन् शब्द, अडखळण्यासकट, म्हणून दाखवायचा. एक दिवस गालाला साबण तसाच घेऊन ते बाहेर आले आणि आईला म्हणाले, "अगं, आपल्याकडे पोपट कुणी पाळलाय?" तेव्हापासून तेच नाव. पोपट, चप्पल आण. पोपट, अभ्यास झाला का. शाळेत कळलं असतं तर पोरांनी जगणं मुश्कील केलं असतं, म्हणून ते घराच्या दाराबाहेर कधी गेलं नाही. बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

"याआधीचे टेक आहेत का?" त्यानं विचारलं. बाईंनी लावले. पहिल्यात 'लेकरा'. दुसऱ्यात 'लेकरा', ओठ स्वच्छ, शंकाच नको. फक्त शेवटच्यात ते. दिग्दर्शक म्हणाला, "शेवटचाच सगळ्यात चांगला आलाय, म्हणून तर अडलंय." चुकून गेलं असेल का तोंडातून? उकाडा, कोट, डोळ्यांत साबणाचा फेस, समोर कुणीतरी पोरगेलासा नट. सत्तरीचा माणूस, जीभ घसरली असेल. की पंख्यांची घरघर चालू आहे, कुणालाच ऐकू येणार नाही, हे बघून मुद्दाम म्हणून घेतलं? घरात बसून म्हणायला सतरा वर्षं जमलं नाही, ते तीन पंख्यांच्या आडोशानं? आणि 'आठवत नाही' हे लिहिलं ते खरं की खोटं? त्यानं काचेकडे पाहिलं. वडिलांनी दोन्ही तळहात पाटीवर पालथे ठेवले होते, जणू ती उडून जाईल. ते त्याच्याकडे बघत नव्हते. पडद्याकडेही नाही. जमिनीकडे बघत होते.

"सुचलं का काही?" दिग्दर्शकानं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. 'ये बाबा' कसंबसं दडपून घरी जाता आलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. आणि समजा आपला अंदाज चुकला, आपण भलतंच पाहिलं, तर नाताळच्या पवित्र संध्याकाळी पोपट म्हणून बसायचं; खऱ्या अर्थानं पोपट व्हायचा. पण त्यापेक्षाही अवघड वेगळं होतं. ज्या हाकेसाठी तो इतकी वर्षं अडून बसला होता, ती मारली गेली होती आणि त्यानं ती ऐकली नव्हती. आता ती ऐकायची तर एकच गळा शिल्लक होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता. वडिलांनी पुन्हा म्हणावं म्हणून कितीही रुसून बसलं तरी आता ते म्हणू शकणार नव्हते.

"लावा," तो म्हणाला. "एकदा घेऊन बघू."

अंधार झाला. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. वडिलांची मान किंचित वर आली, भुवई उचलली गेली, आणि तो म्हणाला, "पोपट." हळूच म्हणाला, दाढी अर्धी टाकून दारात आलेला माणूस म्हणेल तसं. ओठ मिटले तिथे मिटले, गोल झाले तिथे गोल झाले, तसूभर मागेपुढे नाही. शब्द त्याच्या तोंडातून निघाला आणि पडद्यावरून, बर्फातून, त्या सलग मानेच्या माणसाकडून त्याच्याकडे आला. पुढचं वाक्य 'आत ये' होतं. ते म्हणायचं राहूनच गेलं. मधल्या त्या इवल्याशा जागेत, विचार करायला सवड न मिळता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "ओ."

पडदा थांबला. दिवा लागला. काचेपलीकडे वडील उभे राहिले होते. पाटी त्यांच्या मांडीवरून खाली पडली होती आणि तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, पण त्याला आता तो लागत नव्हता.

"पोपट तर काय चपखल बसला हो," हेडफोनमधून साउंडवाल्या बाई म्हणाल्या. "पण मधे ते 'ओ' कुणाचं? ते कागदात नाहीये."

"माझं," तो म्हणाला. "मला हाक मारलीय त्यांनी."